आई, तुझं काय चुकलं होतं?

माझ्या डाव्या मनगटावर, वैद्य नाडी बघतात तिथून बोटभर वर, तांदळाच्या दाण्याएवढा एक पांढरा व्रण आहे. तो २००४ सालच्या मे महिन्यातला. त्याच्या तीन आठवडे आधी पुतण्याचं लग्न झालं होतं आणि मी हिरवा चुडा भरला होता. बांगड्यांचं माप लहान होतं. कासारानं हाताला साबण लावून त्या कशाबशा चढवल्या होत्या.

माझे मिस्टर पहाटे चारला छातीत कळ येऊन गेले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. सकाळी नवाच्या सुमारास अंगणात त्यांना उचलायची तयारी झाली आणि मला त्यांच्या शेजारी आणून बसवलं. कुणीतरी माझ्या कपाळभर कुंकू लावलं आणि लगेच ते ओल्या फडक्यानं पुसलं. कुणीतरी पायातली जोडवी ओढली. बांगड्या मनगटातून निघेनात म्हणून हात पाटावर ठेवायला लावले आणि दगडानं त्या फोडल्या. काच आत शिरली. रक्त आलं ते मला संध्याकाळी आंघोळीला पाणी घेतल्यावर कळलं.

हे सगळं कुणा दुष्ट माणसानं केलं नाही. दगड होता थोरल्या काकींच्या हातात. माझ्या त्या चुलत सासू. मी शाळेतून उशिरा आले तर माझं ताट झाकून ठेवणाऱ्या, माझ्या बाळंतपणात चाळीस दिवस शेक-शेगडी करणाऱ्या. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांच्याही बांगड्या अशाच फुटल्या होत्या. त्या रडत होत्या, रडता रडता माझ्या बांगड्या फोडत होत्या. म्हणून मला त्यांचा राग धरता आला नाही. राग धरता आला नाही, तो आत गेला आणि आतच बसला.

चार महिन्यांनी, गणपतीच्या सुट्टीत, माझा नऊ वर्षांचा मुलगा रात्री अंथरुणात मला म्हणाला, "आई, तुझं काय चुकलं होतं?"

मी म्हटलं, "कशाचं रे?"

"काकीआजीनं तुझ्या हातावर दगड मारला ना, सगळ्यांसमोर."

मी शिक्षिका. हातावर मार कधी बसतो हे त्या मुलाला शाळेत शिकवलं गेलं होतं. त्या दिवशी अंगणात साठ-सत्तर माणसं होती, पण काय चाललंय हे त्याला एकट्यालाच नीट दिसलं होतं. वडील वारले आणि आईला शिक्षा झाली.

आज एकवीस वर्षांनी हे लिहिते आहे, कारण या एका वाक्यापाशी मी पुन्हा पुन्हा येते. नवरा गेल्याचं दुःख कुणालाच चुकवता येत नाही. पण आपण त्या दुःखाला अपराधाची भावना जोडून देतो. ती जोड निसर्गानं दिलेली नाही. ती आपण देतो, आणि म्हणून ती आपल्याला थांबवताही येते.

काय हिरावलं जातं

कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं. या चार गोष्टी आपल्याकडे इतक्या सहज उच्चारल्या जातात की त्यात नेमकं काय घडतं याचा विचार होत नाही. माझ्या मंगळसूत्राच्या दोन वाट्या मिस्टरांनी पहिल्या बोनसमधून बदलून आणल्या होत्या. जुन्या चेपल्या होत्या म्हणून. जोडवी आम्ही दोघांनी मिळून नृसिंहवाडीच्या बाजारात घेतली होती. म्हणजे माझ्या अंगावर त्यांच्या हातची जी काही खूण होती, ती ते गेल्यावर पाच तासांत निघून गेली. ज्या दिवशी मला त्या वस्तूंची सगळ्यात जास्त गरज होती, त्याच दिवशी.

दुःखाचा अभ्यास करणाऱ्यांनी याबद्दल बरंच लिहून ठेवलं आहे. गेलेल्या माणसाशी नातं तोडल्याशिवाय मन सावरत नाही, असं एकेकाळी मानत. अमेरिकेतल्या डेनिस क्लास आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९६ साली उलट बाजू मांडली. गेलेल्या माणसाशी असलेलं नातं वेगळ्या रूपात टिकतं आणि ते टिकणं हा आजार नाही. त्याचा शर्ट जपून ठेवणं, त्याच्याशी मनात बोलणं, त्यानं दिलेली वस्तू अंगावर बाळगणं यानं अनेकांना आधार मिळतो. आपली प्रथा नेमका तो आधार काढून घेते, तोही चारचौघांत.

दुसरी गोष्ट म्हणजे मनाची ये-जा. नेदरलँड्समधले मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ साली ती समजावून सांगितली. दुःखातला माणूस सतत दुःखातच नसतो. सकाळी हुंदके येतात, दुपारी तो विजेचं बिल भरतो, संध्याकाळी मुलाच्या एखाद्या बोलण्यावर हसतो, रात्री पुन्हा रडतो. गमावलेल्याकडे आणि पुढच्या जगण्याकडे, दोन्हीकडे मन जात-येत राहतं. त्यातूनच ते सावरतं. विधवेला मात्र आपण एकाच बाजूला बसवून ठेवतो. ती हसली तर "हिला काही वाटतच नाही", रंगीत साडी नेसली तर "लगेच नटायला लागली". तिचं कपाळ, गळा, हात हे रोज सकाळी आरशात तिला एकच गोष्ट सांगत राहतात. पुढच्या जगण्याकडे जाणारं दार आपण बाहेरून लावून घेतो.

जोडीदाराचा मृत्यू हा आयुष्यातला किती मोठा आघात असतो? होम्स आणि राहे या अमेरिकी डॉक्टरांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ ताणदायक घटनांची यादी केली आणि प्रत्येक घटनेला गुण दिले. त्यात सगळ्यात वर, पूर्ण १०० गुणांवर, जोडीदाराचा मृत्यू आहे. म्हणजे ज्या क्षणी माणसाची ताण सोसायची ताकद संपलेली असते, त्याच क्षणी आपण विधवेवर आणखी एक आघात करतो.

रविवारच्या बायका

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, २०२१ च्या दिवाळीनंतर, आमच्या गावात आम्ही काही बायका दर रविवारी दुपारी मारुतीच्या देवळामागच्या खोलीत बसू लागलो. सगळ्या नवरा गेलेल्या. मी एका संस्थेचं समुपदेशनाचं छोटं प्रशिक्षण घेतलं होतं, म्हणून सुरुवात माझ्याकडून झाली. पहिले तीन रविवार सगळ्या जणी पेन्शन, वारस नोंद, सातबारा आणि मुलांची फी यांवरच बोलल्या. तेही खरंच होतं. चौथ्या रविवारी एकीनं विचारलं, "तुमचाबी हात झोपेत कपाळाकडं जातोय का?"

खोलीत एकदम शांत झालं. मग एकेक जण बोलू लागली. एक म्हणाली, "मी घरातला आरसा उतरवून ठेवलाय." दुसरी म्हणाली, "भावाच्या पोरीची हळद होती. मीच दळली जात्यावर. लावायची वेळ आली तशी आपणहून चुलीपाशी जाऊन बसले. कुणी उठवायच्या आधी उठलेलं बरं." हे शेवटचं वाक्य मी विसरू शकत नाही. हाकलतील या भीतीनं माणूस आधीच बाजूला होतो, आणि लोक म्हणतात, "तिला आवडतच नाही चारचौघांत यायला."

सगळ्यात लहान होती सत्तावीस वर्षांची. तिचा नवरा कोविड केंद्रात गेला. तिथूनच त्याला पुढे नेलं. तिला चेहराही पाहायला मिळाला नाही. "त्यास्नी बघायला दिलं नाही," ती म्हणाली, "पण परसात नेऊन बांगड्या तेवढ्या फोडल्या." तिची सासू तिला पांढऱ्या पायाची म्हणत होती. लग्नाला तीन वर्षं झाली होती. तिनं मला एकांतात विचारलं, "बाई, खरंच माझ्या पायगुणानं झालं असंल का?" विज्ञान विषय घेऊन बारावी झालेली मुलगी. पण एकदा सगळ्या गावासमोर शिक्षा झाली की आपला गुन्हा काय, हे माणूस शोधायलाच लागतो. माझ्या मुलानं नाही का विचारलं?

या बायकांच्या अंगात दुःख अनेक रूपांनी बोलतं. झोप लागत नाही, लागली तर पहाटे तीनला मोडते. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं. डोकं धरतं, पित्त होतं, भूक मरते. त्या दवाखान्यात जातात, गोळ्या आणतात, आणि "मनाला बरं वाटत नाही" हे कुणालाच सांगत नाहीत. सुरुवातीच्या महिन्यांत यातलं बरंचसं स्वाभाविक असतं आणि हळूहळू ओसरतं. पण सहा महिने उलटून गेल्यावरही ओढ आणि वेदना तशीच तीव्र असेल, रोजची कामंही होत नसतील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात त्याला लांबलेल्या शोकाचा विकार म्हटलं आहे. त्यावर उपचार आहेत. स्वतःला संपवावं असं मनात येत असेल तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर कधीही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

दुखवट्यातलं जे चांगलं आहे

कुणी म्हणेल, बाई, तुम्हाला सगळ्याच रूढी मोडायच्या आहेत का? नाही. माझे मिस्टर गेले त्या दिवशी शेजारणीनं कडू घास आणला. पिठलं-भाकरी. माझ्या तोंडात तिनं स्वतःच्या हातानं घास घातला. दहा दिवस आमच्या घरी चूल पेटवायची वेळ आली नाही. रोज कुणी ना कुणी सोप्यात येऊन बसत होतं, त्यांच्या आठवणी सांगत होतं. गावातल्या म्हाताऱ्या हेल काढून रडायच्या आणि त्यांच्या आवाजात माझाही आवाज सुटायचा. रक्षाविसर्जनाला सगळी भावकी आली. बाराव्याला माहेरच्यांनी साडी दिली. दुःखातल्या माणसाला एकटं सोडू नये, त्याला खाऊ घालावं, रडू द्यावं, गेलेल्याचं नाव घ्यावं, हे शहाणपण आपल्या दुखवट्यात पिढ्यान् पिढ्या आहे. ते टिकलंच पाहिजे.

फक्त ते बाराव्याला संपतं. तेराव्या दिवशी घर रिकामं होतं, आणि विधवेवर केलेल्या खुणा मात्र जन्मभर राहतात. आधार बारा दिवसांचा आणि शिक्षा जन्मभराची, असा हा हिशेब आहे. तो उलटा करायला हवा.

आणि कुंकू, मंगळसूत्र काढायचं की ठेवायचं, हे तिचं तिनं ठरवावं. आमच्यातल्या एकीनं वर्षभरानं स्वतःहून मंगळसूत्र काढलं आणि नवऱ्याच्या फोटोला घातलं. तिला तसं करून हलकं वाटलं. दुसरी रोज टिकली लावते, कारण टिकली ती लग्नाच्या आधीपासून, चौथीत असल्यापासून लावत आली आहे. दोघींचंही बरोबर आहे. अंगणातल्या गर्दीनं ठरवलं, ते चुकलं.

कायदा झाला, रूढी राहिली

महाराष्ट्रानं या प्रश्नावर दीडशे वर्षांहून जास्त काळ झगडा केला आहे. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. फसवल्या गेलेल्या विधवांना तिथं सुखरूप बाळंत होता येत होतं. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक बांधवांनी ठरवलं की आपण विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही. ज्याच्या हातात हत्यार त्यानंच ते खाली ठेवलं, म्हणून मला ही घटना फार मोठी वाटते. महर्षी कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, लग्न केलं आणि तीन वर्षांनी विधवांसाठी आश्रम काढला. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात पुनर्विवाहाचा कायदा केला.

केशवपन गेलं. विधवांनी नेसायचं अलवण गेलं. शेतकरी आणि कष्टकरी जातींत पूर्वी पाट लावायची, म्हणजे विधवेच्या दुसऱ्या लग्नाची मुभा होती. पुढे उच्चवर्णीयांचं अनुकरण करता करता अनेक घरांत तीही लाजिरवाणी ठरली. कुंकू पुसणं आणि बांगड्या फोडणं मात्र जवळपास सगळ्या जातींत राहिलं. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ४ कोटींहून अधिक विधवा आहेत. त्यांच्यातल्या किती जणींच्या मनगटावर माझ्यासारखा व्रण असेल, याची नोंद कुठल्याच रकान्यात नाही.

मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला: आमच्या गावात विधवा प्रथा पाळली जाणार नाही. कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात, १७ मे रोजी, राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हा आदर्श घ्यायला सांगितलं. या ठरावामागे करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाच्या प्रमोद झिंजाडे यांची मोहीम होती. आपण गेल्यावर आपल्या पत्नीवर या प्रथा लादू नयेत, असं त्यांनी स्वतःच स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं.

वर्तमानपत्रात ती बातमी वाचली त्या दिवशी मी तो अंक घेऊन थोरल्या काकींकडे गेले. त्यांना वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग माझा डावा हात ओढून घेतला, व्रणावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "मला कुणी सांगितलं नव्हतं गं, की न करूनबी चालतंय."

मला त्या वाक्यात ठरावाचा सगळा उपयोग दिसला. परिपत्रकानं रूढी संपत नाही. पण दगड हातात घेतलेल्या बाईला "नाही" म्हणायला एक कागद मिळतो. तिला जे करायचं नव्हतं, ते न करण्याची परवानगी मिळते.

तुम्हाला एवढं करता येईल

ज्यांचे पती हयात आहेत त्या घरांसाठी पहिली विनंती पुरुषांना आहे. आज रात्री जेवताना बायकोसमोर, मुलांसमोर स्पष्ट सांगा: "मी आधी गेलो तर हिच्या अंगावरचं काही काढायचं नाही." भावाला सांगा, बहिणीला सांगा. जमलं तर कागदावर लिहून सही करून ठेवा. अंगणात त्या दिवशी तुमच्या शब्दाला जेवढं वजन असेल, तेवढं दुसऱ्या कुणाच्याही शब्दाला नसेल.

दुसरी विनंती नणंदा-जावांना. दगड उचलणारा हात बहुतेक वेळा आपल्यापैकीच कुणाचा तरी असतो. त्या वेळी कुणीतरी एकीनं पुढे होऊन "राहू दे" म्हणायचं असतं. २०२३ साली आमच्या गल्लीत एक माणूस गेला तेव्हा ते मी म्हटलं. दोन म्हाताऱ्या कुरकुरल्या. तिसरी म्हणाली, "बाई म्हणतात तर राहू दे." एवढंच झालं. त्या बाईच्या हातात बांगड्या तशाच आहेत.

तिसरी विनंती सगळ्यांना. बाराव्यानंतर तिच्या घरी जा. महिन्यानं जा, सहा महिन्यांनी जा, पहिल्या वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री तर नक्की जा. "आता रडू नको" म्हणू नका. त्याचं नाव घ्या, त्याची एखादी गोष्ट सांगा, तिला बोलू द्या. लहान मुलं असतील तर त्यांनाही जवळ घ्या आणि सांगा, की तुझ्या आईचं काहीच चुकलेलं नाही. ते त्यांना कुणीतरी सांगावंच लागतं. मी माझ्या मुलाला त्या रात्री ते सांगू शकले नाही, कारण तेव्हा माझीच खात्री नव्हती.

आणि येत्या संक्रांतीला हळदीकुंकवाची यादी कराल, तेव्हा पहिलं नाव तिचं लिहा. बोलवायला स्वतः तिच्या घरी जा.